एका रकान्यात एकेचाळीस मालकिणी

खुर्चीवर बसण्याआधी अक्का विचारायची, "ही कुणाची?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, बाई माझी टिंगल करतेय. मे महिना, सोलापूरचं ऊन, वर पंखा नुसता गरम हवा ढवळतोय, आणि महापालिकेच्या मालमत्ता विभागात माझ्या टेबलासमोर ही साठीची, बुटकी बाई गळ्यात मोजायची टेप अडकवून उभी. मी कावून म्हटलं, "कुणाची म्हणजे? महापालिकेची."

"म्हंजे कुणाची ओ सर?"

"लोकांची, समजा."

"मग बसते की," ती म्हणाली आणि ऐसपैस बसली.

तुम्ही सरकारी कचेरीत कधी चकरा मारल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं लोक खुर्चीच्या कडेवर बसतात. अर्धं ढुंगण खुर्चीवर, अर्धं हवेत. पाठ टेकवून बसलेली माणसं मी तिथं फार पाहिली नव्हती. नाव तिचं कागदावर होतं, पण मी ते कधी उच्चारलं नाही. शहराचा सगळा तेलुगू पूर्व भाग तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागलो.

तिचं काम असं होतं. ज्या कारखान्यात ती शाळांचे गणवेश शिवायची, तो मालकानं बंद केला. इतर ठिकाणी बायका अशा वेळी रडून-भेकून दुसरीकडं कामाला लागतात. अक्कानं आणखी चाळीस बायका गोळा केल्या आणि कारखान्याच्या जुन्या चोवीस मशिनी सगळ्यांनी मिळून विकत घेतल्या. घेतल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठं? दहा बाय दहाच्या घरांत माणसं मावत नाहीत. मशिनी गल्लीत ताडपत्रीखाली उभ्या होत्या आणि पाऊस तोंडावर आला होता.

तेवढ्यात महापालिकेनं त्याच भागातली बंद पडलेली तेलुगू शाळा भाड्यानं द्यायचं काढलं. त्या वर्षी नवा ठराव झाला होता, की अशा रिकाम्या इमारती देताना मिळून धंदा करणाऱ्या गटांना आधी विचारायचं. ठराव छान होता. पण शाळेवर एका गोदामवाल्याचाही डोळा होता, आणि त्याचा अर्ज टापटीप, टाइप केलेला, सगळ्या कागदांसकट आला होता.

"मी चौथीपर्यंत त्याच शाळेत हुते," अक्का म्हणाली. "तिसऱ्या खिडकीपाशी बसायची. तितं उजेड लई चांगला येतो बगा. काजं करायला बरं."

मी तिला अर्ज दिला. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं तो भरून आणला, आणि तो पाहून मी डोक्याला हात लावला. 'मालकाचे नाव व सही' असा एक रकाना होता, बोटभर रुंदीचा. त्यात एकेचाळीस सह्या. रकान्यात मावेनात म्हणून समासात, समासात मावेनात म्हणून मागच्या बाजूला. काही मराठीत, बऱ्याच तेलुगूत, सात अंगठे.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "हा अर्ज आहे का आहेराची यादी? बाद करा."

मी अक्काला बाहेर बाकावर बसवलं आणि नवा कोरा फॉर्म दिला. म्हटलं, "अक्का, एकच नाव लिहा. तुमचं. पुढं सगळ्याजणी बसाच की खुशाल. कागदापुरतं आहे हे."

"खोटं कसं लिहू ओ?"

"खोटं काय त्यात? पुढारी तुम्हीच आहात."

"पुढारी हाय, मालक न्हाय." तिनं टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "आज मी एकटी मालक म्हणून लिहिलं, उद्या मी गेले की माझा पोरगा येतोय मशिनी मागायला. त्याची चूक न्हाय त्यात. कागद दाखवील की तो. मग ह्या चाळीस जणींनी कुटं जायचं?"

पोरगा तिचा पुण्यात कंपनीत होता, गुणी होता. तरी तिनं त्यालाच मनात उभं करून सगळा विचार केला होता. पाच वाजता अर्ज घ्यायची खिडकी बंद होणार होती. समोर कोरा फॉर्म होता, एक सही केली की बहुतेक शाळा मिळाली असती. बाईनं पेन हातात घेतलं नाही. एवढी गरज असलेलं माणूस इतकं स्वस्थ बसलेलं मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. खरं सांगतो, मला तिची थोडी भीतीच वाटली.

नोकरीत मी कधी न बोलावता साहेबांच्या केबिनमध्ये गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. ती सह्यांची जत्रा उपायुक्त मॅडमसमोर ठेवली, अक्कालाही आत बोलावलं. अक्का खुर्चीपाशी थांबली, पण काही विचारलं नाही, नुसती माझ्याकडं बघून बसली.

मॅडमनी कागद उलटून पालटून पाहिला. "आजी, उद्या भाडं थकलं, भिंत पडली, तर मी नोटीस कुणाला देऊ?"

"सगळ्यांना द्या मॅडम. एकीला दिली तर बाकीच्या घरी जाऊन झोपतील. सगळ्यांना दिली तर एकबी झोपायची न्हाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तेलुगू सह्यांवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "सह्या वेगळ्या कागदावर घ्या, अर्जाला जोडा. आणि पुढच्या वेळेपासून हा रकाना मोठा करा. चूक आपल्या फॉर्मची आहे."

शाळा मिळाली. पुढं पालिकेच्या शाळांच्या गणवेशाचं कामही त्यांना मिळालं. आमच्या फॉर्मवर आज 'सर्व मालकांची नावे, स्वतंत्र कागद जोडावा' अशी ओळ आहे. ती मी टाइप केली. नोकरीत केलेल्या कामांपैकी तेवढंच मी घरी सांगतो.

दर वर्षी इमारत तपासायला मी जायचो आणि शक्यतो सोमवार गाठायचो. कारण सोमवारी सकाळी तिथं चिठ्ठ्या निघायच्या. शाळेत सापडलेला खडूचा लाकडी डबा, त्यात मशिनींचे नंबर. जिला जो नंबर येईल ती तिची मशीन, आठवडाभर. ज्यांना कोरी चिठ्ठी यायची त्यांनी काजं-बटणं करायची, पुढच्या सोमवारी कोऱ्या चिठ्ठ्या टाकायच्या आत त्यांनी आधी हात घालायचा. सात नंबरची मशीन सगळ्यांच्या नावडीची. दाराशी होती, आणि वीतभर शिवलं की दोरा तोडायची. अक्काला एकदा ती लागोपाठ तीन आठवडे आली. बायका म्हणाल्या, बदलून घ्या. ती म्हणाली, "मी बदलली तर उद्या सगळ्याच बदलतील."

मी विचारलं होतं, "ही कसरत कशाला? ज्याची त्याची मशीन ठरवून टाका की."

"कारखान्यात तसंच हुतं सर. आपल्या मशिनीला बाई तेल घालायची, शेजारणीची बंद पडली तर बघायचीबी न्हाय. आता काय सांगावं, सोमवारी तीच आपल्याला यायची. मग सगळ्याच मशिनींना तेल मिळतंय."

मालमत्तेच्या फायली मी जन्मभर चाळल्या. मालकी म्हणजे काय हे मला त्या खडूच्या डब्यापाशी कळलं, असं म्हटलं तर आमच्या खात्यातले हसतील. हसू देत.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

पंधराएक दिवसांनी मी तपासणीला गेलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता. तिचा मुलगा आला होता. डोळे सुजलेले, आवाज अगदी खाली. "आईची मशीन न्यायची होती," तो म्हणाला. "वापरायला नाही. घरी ठेवायला. आठवण म्हणून."

सगळ्या मशिनी थांबल्या. तिनं त्या बाकावर बसून सांगितलेलं जसंच्या तसं समोर उभं होतं, फक्त त्याच्या हातात कागद नव्हता.

"कुठली आईची?" त्यानं विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाला बोट दाखवता येईना. तिची नाही अशी एकही मशीन तिथं नव्हती. शेवटी यल्लम्मा उठली, अक्काची बालमैत्रीण. तिनं खडूचा डबा त्याच्यापुढं धरला. "काढ चिठ्ठी, बाळा. तुझी आई अशीच काढायची."

त्यानं चिठ्ठी काढली. सात.

तो दाराशी जाऊन त्या मशिनीवर बसला. कुणीतरी निळ्या कापडाचा तुकडा आणून दिला. कॉम्प्युटरवर चालणारी बोटं त्याची, तरी हात सराईत पडला, लहानपणी बघितलं असणार. वीतभर सरळ शिवण आली आणि दोरा तुटला. तो तसाच सुईकडं बघत राहिला.

यल्लम्मानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अक्काचाबी हितंच तुटायचा," ती म्हणाली, आणि दोरा कसा ओवायचा ते त्याला दाखवायला वाकली.

टेम्पो रिकामा परत गेला.