पंप बोलत होता

माझा आवाज मोठा आहे. वर्गात शेवटच्या ओळीत पेंगणारं पोरगं दचकून उठायचं, एवढा. माहेरी आई म्हणायची, "हळू बोल व बाई, वेशीपर्यंत जाते." लग्न होऊन जाम गावाला आले आणि तो आणखीच वाढला, कारण आमचं घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. समोर फाटा. नागपूरहून येणारे ट्रक, वर्ध्याकडे वळणाऱ्या एसट्या, आणि आमच्याच टिनाच्या शेडमध्ये चालू करून ठेवलेली इंजिनं. तिथं हळू बोलून कोणाचं भलं होणार होतं?

आमचे हे मिस्त्री. फाट्यावर आणखीही मिस्त्री होते, पण यांचं नाव कानामुळे झालेलं. गाडी चालू होत नसली की बाकीचे आधी पाना काढायचे. हे आधी कान लावायचे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं. मग नेमका बिघाड सांगायचे, आणि तोच निघायचा. मला त्याचा अभिमान होता. आणि संतापही यायचा, कारण इंजिनातली सुईएवढी कुरबुर ऐकणारा हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नव्हता.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या पुढची-मागची. त्याआधीची दोन वर्षं आमच्या घरात नुसती भांडणं होती. भांडणं तरी कसली, मी एकटीच भांडायची. "अहो, गहू संपले," म्हणावं, तर हे विडीच्या धुराकडे बघत बसलेले. पुन्हा म्हणावं, तरी तसेच. तिसऱ्यांदा मी अशी ओरडायची की टपरीवर चहा पिणारे लोक कप धरून वळायचे. "बहिरे झाले का? गहू संपले!" मग साहेब मान वर करणार आणि अगदी थंडपणे म्हणणार, "काऊन कल्ला करतं? गहू संपले ना? आनतो."

अस्सा जीव जळायचा माझा! मला वाटायचं, घमेंड आहे ही. लोकांनी कानात देव बसलाय म्हणून डोक्यावर चढवलं, आता बायको कशाला ऐकू येईल? गिऱ्हाइकांशीही त्यांचं वागणं बदललं होतं. गाडी आली की गिऱ्हाइकालाच विचारायचे, "तुमीच सांगा, कसा आवाज येते?" लोकांना वाटायचं मिस्त्री परीक्षा घेतो आहे. मलाही तेच वाटलं, आणि मी त्यांना त्यावरूनही बोलून घेतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला शाळेची सुट्टी होती. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात जवळच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी आपली काळी मोटार बैलजोडीला बांधून ओढत घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांच्या काळातली, गोल पाठीची. तिच्या नाकावर झेंडूचा हार, काचेच्या वायपरमध्ये आपट्याची पानं खोवलेली, आणि बैलांच्या शिंगांनाही झेंडूच. फाट्यावरची रिकामटेकडी मंडळी लगेच जमली.

"काकाजी, पेट्रोलच्या जागी सरकीची ढेप टाकली का?" एकानं विचारलं, आणि सगळे खिदळले.

काकाजी हसले नाहीत. त्यांच्या बायकोला केळझरच्या गणपतीला जायचं होतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेली बाई. तिला ना बैलगाडीत बसवता येत होतं, ना एसटीत चढवता येत होतं. उद्या चतुर्थी नव्हती की काही नव्हतं, तिनं फक्त 'उद्या' म्हटलं होतं, आणि त्यांना ते पाळायचं होतं.

"काल काय केलं गाडीले?" यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

म्हातारे चाकाला लावलेला दगड नीट करत, खाली बघतच बोलले, "काय करनार? दसरा व्हता. आतून-बाहेरून धुतली, पूजा केली, नारळ फोडला."

मी ओट्यावरून ते स्पष्ट ऐकलं. यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं. किल्ली फिरवा."

त्या गाडीचा पेट्रोलचा पंप मागे डिकीत असायचा, विजेवर चालणारा. किल्ली अर्धी फिरवली की तो टक टक टक वाजतो, पुढे पेट्रोल पोचलं की थांबतो. इतकी वर्षं गॅरेजच्या मागे राहून एवढं मलाही कळत होतं. पंप बोलला म्हणजे पेट्रोल ठीक, मग ठिणगी बघायची. काकाजींनी किल्ली फिरवली. हे डिकीपाशी डोळे मिटून उभे राहिले. चांगला वेळ उभे राहिले.

"पंप बोलून नाई राह्यला," ते म्हणाले.

आणि पंप बोलत होता. मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. टक टक टक, मग थोडा थांबून आणखी एकदा टक.

मी वही आपटून उठले. बोलायला तोंड उघडलं, आणि जिभेवर तेच आलं, रोजचंच, 'बहिरे झाले का?' ते शब्द तोंडात आले आणि तिथेच अडकले. गहू, किराणा, माझ्या भावाच्या पोराच्या मुंजीला नागपूरला बोलावलेलं, सगळं आठवलं. पहिल्यांदा उत्तर नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा ओरडल्यावर शांतपणे उत्तर. दोन वर्षं मी या माणसाला रोज तोंडावर खरं सांगत होते, आणि शिवी म्हणून सांगत होते.

गर्दीत रस्त्यापलीकडच्या नव्या गॅरेजचा मिस्त्री हाताची घडी घालून उभा होता. त्यानंही टकटक ऐकली असणार, कारण त्यानं शेजारच्याकडे बघून भुवई उडवली. आता तो एक शब्द बोलला की संध्याकाळपर्यंत हिंगणघाट ते बुटीबोरी प्रत्येक ड्रायव्हरला कळणार होतं की जामच्या मिस्त्रीचा कान गेला. यांच्याजवळ दुसरं काय होतं? शिक्षण नव्हतं, अवजारं जुनी होती. कान होता म्हणून हे होते.

मग मी माझा आवाज काढला. "इथं काय तमाशा लागला आहे का? बायामाणसं राहतात इथं! निघा आपापल्या कामाले! आणि तुमी हो, तिकडं तुमच्या गॅरेजात गिऱ्हाईक उभं आहे, ते पाहा!" गिऱ्हाईक बिऱ्हाईक कोणी नव्हतं. पण माझ्या तोंडाची ख्याती मोठी, लोक पांगले. तोही गेला, मागे वळून बघत.

हे तोवर पंप खोलून बसले होते. फडक्यावर एकेक भाग ओळीनं मांडलेला. चांगल्या-भल्या पंपाचे पॉइंट, म्हणजे वीज जुळते-तुटते ती टोकं, ते बारीक पॉलिशकागदानं घासत होते, फुंकर मारत होते, उजेडात धरून बघत होते. पेट्रोलची नळी सोडून धार येते का ते बघायचं, हे कोणीही केलं असतं. पण नळी सोडून बघणारे दुसरे, कान लावणारे हे. ती मिजास त्यांच्याच्यानं सुटत नव्हती, आणि मी तासभर उभी राहून ते बघत होते. त्यांच्या मानेवर घाम होता. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण तो घाम उन्हाचा नव्हता. या माणसाला भीती वाटते आहे, हे मला लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं.

पंप परत बसवला. काकाजींनी किल्ली फिरवली. नळी रिकामी झालेली, त्यामुळे या वेळी टकटक जोरात आणि लांबलचक सुरू झाली. हे मान वाकवून उभे. ओठ हलले, "पंप गेला," एवढंच म्हणणार होते. मी यांच्यासाठी आणलेला चहाचा ग्लास जमिनीवर ठेवला, त्यांचं मनगट धरलं आणि हात पंपावर दाबला.

ते हात ओढून घेतील असं वाटलं होतं. नाही ओढला. बोटांखाली पंप धडधडत होता आणि ते माझ्याकडे बघत होते. पंप थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. काकाजी पुढे बसलेले, त्यांना डिकीच्या झाकणामुळे काही दिसत नव्हतं.

मग मी वर्गातला आवाज लावला. यांच्याकडे तोंड करून, पण काकाजींना विचारते आहे असं दाखवून म्हणाले, "काकाजी! काल गाडी आतून धुतली म्हणता ना तुमी? इंजिनावर पाणी टाकलं?"

"हाव ना बाई," काकाजी बोलले. "कळशीभर टाकलं. पूजा करायची तं आतून नोको का धुवाले? हळद-कुंकूही वाह्यलं."

"कळशीभर पाणी! हळद-कुंकू!" मी मोठ्यानं म्हटलं.

हे पुढे गेले. बोनेट उघडलं. जिथून चारही प्लगांना वीज वाटली जाते ते काळं टोपण त्यांनी काढलं, तर आत पाणी आणि कुंकवाचा लाल चिखल. म्हाताऱ्यानं श्रद्धेनं टोपणाच्या अगदी मधोमध चिमूट वाहिली होती, ती पाण्याबरोबर फटीतून आत उतरली होती. यांनी ते कोरड्या फडक्यानं पुसलं, उन्हात धरलं, वायरी पुसल्या, परत बसवलं. पहिल्याच फेरीत गाडी चालू झाली.

काकाजींनी हात जोडले. "मिस्त्री, तुमच्या कानाले तोड नाई."

हे बोनेटवर तळवा ठेवून उभे होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आवाज बरोबर आहे ना, असं. मला त्यातलं काय कळत होतं? पण मी मान हलवली.

दुपारी जेवताना मी कानाकडे बोट दाखवून विचारलं, कधीपासून? त्यांनी दोन बोटं दाखवली. पयले बारीक आवाज गेले, म्हणाले, मग बाकीचे. कान गेलेला मिस्त्री कोन ठेवते? मी ताटावरून उठले आणि मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. लाज वाटत होती मला, माझ्या तोंडाची. त्या दिवशी ठरवून टाकलं की यापुढे या माणसावर आवाज चढवायचा नाही.

आठ दिवस मी तो शब्द पाळला. काही हवं असलं तर समोर जाऊन गोड बोलायची. उत्तर आलं नाही तर स्वतःच ते काम करून टाकायची. आणि हे दिवसेंदिवस उतरत चालले. दोन पोळ्यांवर उठायचे, गॅरेजात नुसते बसून राहायचे. मला वाटलं, आता हिला कळलं हेच त्यांना लागलं असेल.

नवव्या दिवशी ते चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "माह्यावर एवढा राग आहे का तुहा? आठ दिस झाले, तू बोलून नाई राह्यली माह्याशी."

"रोज तर बोलते," मी हळूच म्हणाले.

त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून बघितलं. कळलं नाही त्यांना.

"तू पयल्यांदा बोलतं तवा मले नुसतं तोंड हालताना दिसते," ते म्हणाले. "दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तू चिडतं, तवा तुहा आवाज येते. मी त्याचीच वाट पाह्यत असतो."

तव्यावरची पोळी करपली. ती उतरवायचंही सुचलं नाही मला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना, होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडले, "गहू संपले!"

टपरीवरचे लोक वळून बघायला लागले.

"काऊन कल्ला करतं?" ते म्हणाले, आणि उठून पिशवी शोधायला लागले.