पाचवीचा कागद

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, त्यात मी नर्स, आणि त्यातही लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं. दारात कुणी लिंबू-मिरची बांधली की मी सरळ काढून टाकते. लिंबू ताजं असेल तर सरबत करते, कुणाला राग आला तर येऊ दे! त्यामुळे हे वाचून तुम्ही म्हणाल, सिस्टरचं डोकं फिरलंय. फिरलं असतं तर बरं झालं असतं. निदान गोळी घेता आली असती.

गोष्ट सोलापूरची. मी मिशनच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात आहे, नाव सांगत नाही. कोरोनाच्या दोन-तीन वर्षं आधी, जानेवारीत, परदेशातल्या एका चर्चची तरुण मुलं-मुली आमच्याकडे सेवेला आली होती. दहा-बारा जण, दोन आठवडे. सकाळी प्रार्थना, मग फरशी पुसणं, चादरींच्या घड्या घालणं, मुलांना खेळवणं. मनाने सोन्यासारखी पोरं, पण अक्कल बेताचीच... आपली शेंगाचटणी पीनट बटर समजून एकाने चमचाभर तोंडात कोंबली आणि तासभर नळाखाली जीभ धरून बसला.

त्यांच्यात हॅना नावाची एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, काटकुळी, सतत हसणारी. तिला मी माझ्या बाळांच्या वॉर्डात घेतलं होतं, कारण तिचा हात हलका होता. रडणारं बाळ तिच्याकडे गेलं की गप्प व्हायचं.

त्या आठवड्यात त्यांनी एक उपक्रम काढला. प्रत्येक खाटेपाशी एक कोरा कागद आणि पेन ठेवायचं. मोठ्या मुलांनी स्वतः चित्र काढायचं, आणि तान्ह्या बाळांसाठी या पोरांनी काढून उशाशी चिकटवायचं. ते कागद मीच माझ्या हाताने वाटले होते. हे लक्षात ठेवा.

वॉर्डात तेव्हा मंगलचं बाळ होतं. माळशिरसकडची धनगराची सून, पहिलंच बाळंतपण, आठव्या महिन्यातच मोकळी झालेली. मुलगी, जेमतेम सव्वा किलोची, ऑक्सिजनवर; म्हणून तिच्यापाशी मी तो कागद ठेवलाच नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सिस्टर, घरच्यांच्या मनाची तयारी करून ठेवा." पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मंगलची सासू आत आली. म्हातारी, कपाळभर कुंकू. कमरेच्या पिशवीतून तिने एक कोरा कागद आणि गेटवरच्या टपरीतून आणलेलं नवंकोरं पेन काढलं आणि बाळाच्या पायाशी ठेवलं.

"हे काय आजी?"

"आज पाचवी हाय की. रातीला सटवाई येती, लेकराचं नशीब लिवती. जेवडं लिवंल तेवडंच आयुष्य बघा. घरी पाटा-वरवंटा मांडला असता. हितं कुटं मांडू? कागद तेवडा ऱ्हाऊ द्या बाई, पाया पडते."

सहा वाजता नातेवाईकांना बाहेर काढतात, म्हणून ती आधीच आली होती. मी म्हटलं, राहू दे. म्हातारीचं मन कशाला मोडायचं? पण हॅना तिथेच हात धुवत होती आणि मी तिला काही सांगितलं नाही. खरं कारण सांगू? लाज वाटली. या पोरांपुढे आपल्याकडचं सटवाई-बिटवाई कुठे समजावत बसू? माझी ड्युटी संपली आणि मी घरी गेले.

सकाळी सातला वॉर्डात पाऊल टाकलं. बाळाच्या उशाशी तोच कागद चिकटवलेला. आपल्या उपक्रमाचाच समजून हॅनाने त्याच पेनने चित्र काढलं होतं. घर, झाड, दोन शेळ्या. मधे एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, कमरेपर्यंत दोन वेण्या. डाव्या वेणीला रिबिनीचं मोठं फूल, उजवी वेणी नुसतीच. आणि उजवा पाय गुडघ्याखाली नव्हताच. रेघ तिथेच थांबली होती.

"हे काय केलंस?" मी हॅनाला विचारलं. ती गोंधळली. म्हणाली, पेन मधेच बंद पडलं, आज दुसऱ्या पेनने पूर्ण करणार होते. मी ते पेन घेतलं आणि माझ्या तळहातावर ओढलं. झकास चालत होतं. आणखी दोनदा ओढून बघितलं... निळी रेघ, कुठे तुटक नाही, काही नाही.

तेवढ्यात म्हातारी आली. कागद बघून तिने किंकाळी फोडली. मी नेहमीसारखी डाफरले, "ओरडता काय आजी, चित्रच आहे ना?" घाबरून हॅना पाय पूर्ण करायला पुढे झाली, तर म्हातारीने तिचा हात धरला.

"आता हात लावू नगं पोरी. एकदा लिवलं की लिवलं." मग शांतपणे तिने कागद सोडवला आणि माझ्या हातात दिला. "मी न्हाय न्हेनार घरी. फाडूबी नका. तुमच्या मानसानं लिवलंय, तुमीच सांबाळा."

त्याच दिवशी दुपारी बाळाचा ऑक्सिजन कमी केला. दुसऱ्या दिवशी काढला. डॉक्टर म्हणाले, देवाची कृपा. मीही तेच म्हणाले, गुडघे टेकून म्हणाले. तीन आठवड्यांनी घरी जाताना म्हातारी माझ्या कानाशी आली, "जगंल वो बाई. चित्रात हाय तेवडी तर हुईल. पर पाय..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. कागद माझ्या बायबलमध्ये, स्तोत्रसंहितेच्या पानांत ठेवला आणि खरं सांगते, विसरून गेले.

पाच वर्षांनी मंगल ओपीडीत आली. सोबत कुबडीवर एक चिमुरडी. "वळकलं का सिस्टर? आमची आरती. तुमच्याच वार्डातली."

आरती उसाच्या ट्रॉलीखाली आली होती. उजवा पाय, गुडघ्याखाली. मंगल बोलत होती आणि माझ्या कानात नुसतं घूं घूं होत होतं. घरी जाऊन बायबल उघडलं. नवीन पेन घेऊन बसले, म्हटलं तो पाय आता पूर्ण करूनच टाकते. पेन कागदावर टेकवायची हिंमत झाली नाही. न जाणो, माझ्या हाताने अजून काही भलतंच लिहिलं गेलं तर? तुम्ही म्हणाल योगायोग. ऊसपट्ट्यात ट्रॉलीचे अपघात होतात. मी पण स्वतःला तेच सांगितलं. कितीतरी रात्री सांगितलं.

आणि मग हा मागचा महिना. मंगल आरतीला घेऊन नवा कृत्रिम पाय बसवायला आली. पोरगी आता नऊ वर्षांची, बडबडी, गोड. दारातून आत आली. कमरेपर्यंत दोन वेण्या. डाव्या वेणीला लाल रिबिनीचं फूल. उजवीला काहीच नाही.

"रिबिन कुठे गेली गं?" मी विचारलं.

"यष्टीत पडली की," आरती म्हणाली. जुना पाय मापासाठी काढलेला होता. ती कुबडीवर उभी होती, अगदी तशीच... शेळ्या तेवढ्या नव्हत्या.

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला भीती वाटली. आयुष्यात कधी वाटली नाही तेवढी. कागदावर हीच मुलगी होती, याच वयाची, आणि याच्यापुढे कागदावर काहीही नव्हतं. जेवडं लिवंल तेवडंच आयुष्य!

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी आरतीचे केस विंचरल्यासारखं केलं आणि मंगलला म्हटलं, "अगं, उवांनी डोकं भरलंय पोरीचं. आत्ताच्या आत्ता कापून टाक." मंगल बिचारी ओशाळली. पोरगी हमसून हमसून रडली. तिचे केस तिचा जीव होते. आमच्याच ड्रेसिंग रूममध्ये मी कात्रीने मानेपर्यंत कापले.

एकही ऊ नव्हती. सव्वीस वर्षांत मी पेशंटशी एवढं खोटं कधी बोलले नव्हते.

कुणाला याचा अर्थ कळला तर जरूर सांगा, मला अजून कळलेला नाही. पाद्रीसाहेबांना विचारायचा धीर होत नाही. हॅनाला मी काहीच कळवलं नाही, आणि कळवणारही नाही. म्हातारी वारली, नाहीतर तिलाच विचारलं असतं.

आता दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी मंगलला फोन करते. तब्येत विचारते, पाय टोचत नाही ना विचारते, शाळेचं विचारते. ती म्हणते, सिस्टर, तुमची लई माया हाय पोरीवर. मी व्हय म्हणते. आणि फोन ठेवायच्या आधी विचारते, "केस किती वाढले गं?"