मेहनाजने अडवलेला बांध

मेहनाज बागवान चिनी पाणथळींचा इतिहास शिकायला निघाली तेव्हा हडपसरच्या नातेवाइकांनी एकच विचारलं, "त्याचा इथं उपयोग काय?" पुढे लोणी काळभोरच्या कॉलेजात ती मुलांना रंगवून सांगायची: दोंगतिंग सरोवराकाठी धनदांडग्यांनी बांध घालून पाणथळीची शेतं केली आणि अडलेलं पाणी शेजाऱ्यांच्या गावांत शिरलं. दरबाराने बांध फोडायला लावले, तरी लोकांनी ते पुन्हा उभारले.

मग तिच्याच सोसायटीने नदीकडेच्या पाणथळीत राडारोडा टाकून बांध घालायचं ठरवलं. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी आलं होतं. मेहनाजचं घर तळमजल्यावरच.

सभेत ती उठली. "बांधाने पाणी आटत नाही. पलीकडच्या वस्तीत जाईल."

अध्यक्ष अभय दामले हसले. "मॅडम, आपला चीन चीनमध्येच असू द्या. बुडतो आपण."

"बुडते मी. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता."

घरी अम्मी, नसीमबानू, संतापल्या. "साऱ्यांशी वैर घेऊन राहायचं कुठं?"

"इथंच."

डंपर आला त्या सकाळी मेहनाज वाटेत खुर्ची टाकून बसली. वस्तीतल्या वेणूबाई बायका घेऊन आल्या आणि शेजारी मातीतच बसल्या.

"पोलिसांना बोलावतो!" अभयराव ओरडले.

"बोलवा. भरावाची परवानगीही दाखवा त्यांना."

परवानगी नव्हतीच. डंपर माघारी गेला. त्या दिवसापासून सोसायटीने तिच्याशी बोलणं टाकलं. ईदला शीरखुर्म्याचे वाडगे घेऊन ती निघाली, तर दारं उघडेनात.

श्रावणात खडकवासल्यातून पाणी सोडलं. पाणथळीत ते पसरलं, वस्तीच्या उंबऱ्याशी येऊन थबकलं. इकडे मात्र तळमजल्याच्या घरांत गुडघाभर शिरलं. मेहनाजची खालच्या फळीवरची पुस्तकं फुगून फुटली. शेजाऱ्यांची भिजलेली अंथरुणं तिने पाहिली. ती माफी मागायला गेली नाही. खराटा घेऊन चिखल काढायला गेली. पाठोपाठ वेणूबाईही बायका घेऊन आल्या.

अभयराव जिन्यातून म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही. पण बांध पुन्हा घालून बघा, मी पुन्हा बसेन."

आतून नसीमबानू पदर खोचून आल्या. लेकीची बाजू त्यांनी आजवर कधी घेतली नव्हती. चिखलाचा एक लोट त्यांनी थेट जिन्याकडे ढकलला.

"अहो साहेब, खाली येऊन हात लावा, नाहीतर बाजूला व्हा."