विहिरीतलं कुलूप आणि नवा कंपायलर

मला चिडायला फार वेळ लागत नाही. जाफराबादेत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, आणि कॉलेजातून येणारी पोरं एक सवय सोबत घेऊन येतात: एरर नाही ना, मग प्रोग्राम बरोबर. कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, खाली वॉर्निंगच्या ओळी कितीही लिहिल्या तरी कुणी वाचत नाही. प्रॅक्टिकलला मार्क मिळतात, विषय संपतो.

त्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी नवा लॅपटॉप घेऊन आली. तिनं शेवटच्या वर्षाला एक डबा बनवला होता, राजूरकडच्या त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीसाठी. लाईटीचा भरवसा नाही म्हणून आमच्याकडे मोटरीला ऑटोस्विच असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. हिच्या डब्याला स्वतःची बॅटरी होती, आणि त्यात ऑटोस्विचवर दोन सोयी होत्या. मोटर किती तास चालवायची ते मोबाइलवरून कुठूनही टाकता यायचं. आणि विहिरीत उतरण्याआधी डब्यावरचं बटण दाबलं की प्रोग्रामातलं कुलूप लागायचं, लाल दिवा पेटायचा. मग लाईट आली तरी मोटर गप्प. तिचे वडील गेलं वर्षभर त्या लाल दिव्याच्या भरवशावर विहिरीत उतरत होते.

"सर, तोच प्रोग्राम हाय," ती वैतागून म्हणाली. "जुन्या लॅपटॉपवर बराबर चालत व्हता. नवा कंपायलर बिलकुल घेऊन न्हाई राह्यला."

मी ओळ पाहिली. पॉइंटरच्या प्रकाराची चूक. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, पण सी भाषेत पत्त्यासोबत तिथं किती मोठी वस्तू राहते तेही सांगावं लागतं. तिनं तासांसाठी एका बाइटची, म्हणजे मेमरीतल्या एका खणाची, जागा ठेवली होती. आकडा भरणारं फंक्शन मात्र दोन बाइटांच्या जागेचा पत्ता मागत होतं. कंपायलर प्रोग्राम चालवून बघत नाही. फंक्शननं काय मागितलं आणि हातात काय दिलं, एवढंच ताडून बघतो. जुना तेवढ्यावर वॉर्निंग देऊन पुढं जायचा, नवा अडून बसला होता.

"थांबा सर, नेटवर उपाय हाय." तिनं पत्त्याच्या आधी कंसात दुसरा प्रकार लिहिला. त्याला कास्ट म्हणतात. कंपायलरला सांगायचं की मला सगळं ठाऊक आहे, तू बोलू नकोस. एरर गेली. वॉर्निंगसुद्धा गेली. "झालं की!"

मी तिच्यावर जोरात ओरडलो. "अगं, एका बाइटच्या जागेत दोन बाइट लिहिलेस तर दुसरा कुठं सांडणार? तासांच्या शेजारी काय ठेवलंयस?"

तिनं स्क्रीन वर सरकवली. तासांच्या लगेच खाली कुलपाची जागा होती.

तासांचा आकडा लहान, पहिल्याच बाइटात मावणारा, म्हणजे सांडणारा बाइट कायम शून्य. आणि कुलपात शून्य म्हणजे कुलूप उघडं. मोबाइलवरून तास टाकले की कुलूप निघत होतं, वर्षभर, दर वेळी. कुणाला कळलं नाही, कारण माणूस विहिरीत असताना तास टाकायची वेळ कधी आली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "बाबा आत्ता विहिरीत हायेत. मोटरीच्या जाळीत गाळ अडकला म्हून उतरले. मी बसमधून तास टाकून आले."

दुपारची लाईट यायची वेळ झालेली. तिनं वडिलांना फोन लावला. फोन आईनं उचलला; तो विहिरीच्या काठावर चपलांपाशीच होता.

"माय, डब्यावरचा लाल दिवा बघ."

"न्हाई पेटलेला. मघा तर पेटल्ता."

"बाबाला वर घे! जल्दी! काही इचारू नको!"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग आईच्या हाका, वडिलांचं खालून चिडून काहीतरी बोलणं, दोराची खरखर. आम्ही दोघं त्या फोनकडे बघत उभे होतो. पाण्यातली मोटर, केबल जागोजागी टेपनं गुंडाळलेली, आणि मोटरीच्या जाळीत माणसाचे हात, एवढंच मला दिसत होतं.

मग माझ्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. जाफराबादची लाईट आली होती. पाठोपाठ फोनमधून पाइपात पाणी चढल्याची घरघर ऐकू आली. पोरीनं तोंडावर हात दाबून धरला.

बराच वेळ फक्त पाणी पडत होतं. शेवटी काठावरून वडिलांचा आवाज आला, धाप लागलेला.

"पोरी, कुलूप तर मी लावलं व्हतं ना?"

"लावलं व्हतं, बाबा," ती म्हणाली. "मी काढलं."