गोणपाटामागचा भागीदार

कुशाबाच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा वण होता. भायखळ्याच्या एका सोडा कारखान्यात तो बाटल्या भरायचा, तेव्हा एक बाटली हातातच फुटली आणि काचेनं गाल उघडा केला. मालकानं जखमेवर चुना-हळद थापली आणि चौथ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. ज्याच्या हातून बाटली फुटते तो माणूस पनवती, असं मालकाचं शास्त्र. बारा वर्षांत एकच बाटली फुटली होती, हे शास्त्रात बसत नव्हतं.

खरं तर त्याच्यासारखा भरणारा अख्ख्या भायखळ्यात नव्हता. गोटीची बाटली लोखंडी पिंजऱ्यात घालायची, हँडल मारायचं, गॅस आत जातो, गोटी वर येऊन तोंडाशी घट्ट बसते. गॅस कमी पडला तर गिऱ्हाईक शिव्या देतं आणि जास्त झाला तर बाटली जीव घेते. कुशाबाला किती झालं ते नुसत्या आवाजावरून कळायचं. डोळे मिटून भरायचा पठ्ठ्या.

त्याचा दोस्त शामराव वेंगुर्ल्याकडचा, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. दोस्ती रक्तानं झाली, अगदी शब्दशः. गिरणीच्या दाराशी एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पोसलेल्या गुंडानं शामरावाच्या पोटात सुरा घातला. गर्दी होती दोनशे माणसांची, सगळी पांगली. कुशाबा त्या वेळी सोड्याची हातगाडी घेऊन तिथून चालला होता. त्यानं बाटल्यांचे खोके रस्त्यावर उलटे केले, शामरावाला गाडीवर आडवा टाकला, आपलं मुंडासं जखमेत कोंबलं आणि धावत इस्पितळ गाठलं. शामराव शुद्धीवर आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "माका हय कोणी हाडल्यान?" मला इथं कोणी आणलं? तेव्हापासून दोघे एका ताटात जेवू लागले. शामराव मराठा आणि कुशाबा महार. तरी जेवायचे, कुशाबाच्या खोलीत, दार लावून.

दार लावून, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या दारापाशीच अडलं.

पंचावन्नच्या सुरुवातीला दोघांनी लालबागला चाळीखालच्या गाळ्यात सोड्याचं दुकान काढलं. शामरावाने गिरणी सोडली, बायकोच्या, राधेच्या, पाटल्या मोडल्या. कुशाबानं आपल्या बायकोची, जाईबाईची, बोरमाळ मोडली आणि मशीन जुन्या बाजारातून स्वतः पारखून आणलं. कागद नाही, सही नाही. निम्मं तुझं, निम्मं माझं, एवढंच ठरलं आणि ते शामरावाने कधी मोडलं नाही. पण पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "कुशाबा, वाईट वाटून घेऊ नको रे. वस्ती आमच्या लोकांची. तुझा हात लागलेलं पाणी म्हटलं तर एक बाटली खपायची नाय. थोडे दिवस कळ काढ. धंदा बसला की बघू."

"बसू दे," कुशाबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बोरमाळ मोडून झाली होती.

मग गाळ्याच्या मधोमध गोणपाटाचा पडदा लागला. पुढे फळी टाकून शामराव बसायचा. मागे कुशाबा भरायचा आणि मागच्याच दारानं ये-जा करायचा. सकाळी भवानी व्हायच्या आधी मात्र पडद्यामागे एक विधी चाले. दिवसातली पहिली बाटली कुशाबा फोडायचा, अर्धी पिऊन शामरावाला द्यायचा, आणि शामराव तोंड लावून उरलेली संपवायचा. "शाम्या, भवानी!" कुशाबा म्हणायचा. पडद्यामागे शाम्या, पडद्यापुढे मालक.

गिऱ्हाइकांत बाबुराव म्हणून एक होता. चाळीतला पुढारी, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. बाटली हातात घेण्याआधी तो दर वेळी विचारायचा, "शामराव, भरतो कोण?"

"मीच की. पहाटे उठून."

"आणि तो मागचा वण्या?"

"तो हमाल. गाडी ओढतो."

पडद्यामागे कुशाबाचा हात हँडलवर थांबायचा. रोज ऐकूनही हमाल या शब्दाला कान सरावत नाहीत. एकदा रागाच्या भरात त्यानं बाबुरावाच्या बाटलीत थुंकायचं ठरवलं होतं. थुंकला नाही. आपल्या हातचा माल आपण कसा नासवायचा?

जानेवारी छप्पनमध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, अशी बातमी रेडिओवर आली आणि लालबाग पेटलं. गिरण्या ओस पडल्या. ट्रामच्या रुळांवर टायर जळायला लागले. पहिल्या दिवशी दगड चालले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बंदुका चालवल्या आणि समोरच्या गल्लीत दूध आणायला निघालेली एक म्हातारी लोटा हातात धरूनच पडली. तिला उचलायला गेलेल्याच्या मांडीत दुसरी गोळी बसली. त्यानंतर माणसं माणसांत राहिली नाहीत.

शामरावाने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आणि तो वर खोलीत राधेपाशी जाऊन बसला. कुशाबा मागं मशीनपाशी होता. दुपारी मागचं दार धडाधडा वाजलं. बाहेर बाबुराव, त्याच्यामागे पंधरावीस पोरं. बाबुरावाचा सदरा फाटलेला, कपाळ फुटलेलं, आणि रक्त मिशांत उतरलेलं.

"कुशाबा," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं नाव घेतलं. "बाटल्या दे रे. भरून दे. आपल्या माणसांना कुत्र्यागत मारतायत."

कुशाबाच्या हातात नुकतीच भरलेली बाटली होती.

"दे रे भावा!" बाबुराव ओरडला. ती बाटली त्यानं कुशाबाच्या हातातूनच ओढली, गोटी दाबली आणि घटाघटा प्यायला. हनुवटीवरून सोडा आणि रक्त एकत्र ओघळलं. रिकामी बाटली परत देताना त्यानं कुशाबाच्या खांद्यावर थाप मारली. कोण भरतो, हे विचारलं नाही.

इथे कुशाबा चुकला. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. त्याला वाटलं, पडदा फाटला. एका थापेनं कुशाबाची वर्षभराची जळजळ निवली. त्यानं मशीनला हात घातला आणि आयुष्यात कधी भरली नव्हती तशी बाटली भरली. जिथं आवाज ऐकून हात थांबवायचा, तिथं थांबवला नाही. बारा वर्षांची अक्कल त्यानं उलटी चालवली. बाटल्या पिंजऱ्यात कण्हत होत्या. तीन फुटल्या, मनगटात काचा घुसल्या, तरी तो भरत राहिला आणि पोरं दोन्ही हातांनी नेत राहिली.

अंधार पडायच्या आत तो स्वतःही खोका घेऊन रस्त्यावर आला. आपल्या बाटल्या कशा फुटतात ते त्याला बघायचं होतं. बघितलंही. नाक्यावरच्या पोलिसांवर बाटल्या पडत होत्या आणि एकेक बाटली बंदुकीसारखी वाजत होती. एका कोवळ्या शिपायाच्या तोंडावर बाटली फुटली. गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला, आतले दात दिसले. तो खाली बसून "आयो, आयो" करायला लागला. घाटावरचं पोरगं होतं, बोलण्यावरून साताऱ्याकडचं. कुशाबाचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. 

तेवढ्यात गोळीबार झाला. बाबुराव रुळांवर उताणा पडला. गोळी गळ्यात लागली होती. कुशाबा त्याच्यापाशी पोचला तेव्हा बाबुराव हातानं पाणी मागत होता आणि तोंडातून नुसते बुडबुडे येत होते. खोक्यातल्या बाटलीतला सोडा कुशाबानं त्याच्या तोंडात ओतला. तो गळ्याच्या भोकातून बाहेर आला. बाबुराव त्याच्या मांडीवरच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी दुकानासमोर थांबली. इन्स्पेक्टरच्या हातात नाक्यावर फुटलेल्या बाटलीचं बूड होतं. फळ्या लाथांनी फोडल्या. शामरावाला वरून ओढत आणलं, कुशाबाला मागून. चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या. सगळे बघत होते.

"दुकानाचा मालक कोण?" इन्स्पेक्टरने विचारलं.

 शामरावाच्या पोटात काठीचं टोक बसलं, नेमकं जुन्या वणावर, आणि तो कळवळून वाकला. वाकल्या वाकल्या त्यानं बोट दाखवलं.

"साहेब, हो माझो पार्टनर! निम्मा मालक आहे! भरतो हाच! मी वर होतो साहेब, पोरांची शपथ, बाटल्या हेनंच भरल्यान!"

कुशाबानं कितीदा मनात ऐकलं होतं ते वाक्य. गणपतीत, दिवाळीत, चार माणसांसमोर, शाम्या खांद्यावर हात टाकून म्हणतोय, हा माझा भागीदार. आणि आता शाम्या म्हणाला, तर ते असं. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर त्याला बरं वाटलं. गॅलरीतल्या लोकांनी ऐकलं, एवढंच डोक्यात आलं.

"खरं का रे?"

"व्हय," कुशाबा म्हणाला. "निम्मा मालक हाय मी."

मग त्याला तिथंच फुटपाथवर पालथा घातला. भरणारे हात कुठले, असं विचारून ते दगडावर ठेवायला लावले आणि बंदुकीच्या दस्त्यानं एकेक बोट ठेचलं. पाच बोटांपर्यंत तो ओरडला. पुढं आवाज आला नाही. शामराव भिंतीला टेकून तोंडावर हात घेऊन रडत होता.

शामरावाला पोलिसांनी सोडलं, कुशाबा सव्वा वर्ष तुरुंगात राहिला. तेवढ्या काळात शामरावाने जाईबाईचा निम्मा वाटा एक महिनाही चुकवला नाही, स्वतः जाऊन द्यायचा. दाराबाहेर उभा राहून द्यायचा, नजर खाली. जाईबाईनं छप्पनच्या डिसेंबरात, दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला त्या दिवशी, रडणाऱ्या लाखोंच्या गर्दीत दीक्षा घेतली. कुशाबा सुटून घरी आला, तेव्हा त्याच्या वाकड्या बोटांत तिनं आपल्या हातानं भाकर कुस्करून दिली आणि एकच सांगितलं, "दुकानात जा, पैल्यासारका जा. पर आता पडद्यामागं जायाचं न्हाई."

तो गेला. निवडणुकीत मुंबईसाठी लढणाऱ्या समितीची सरशी झाली होती, लालबाग रंगात होतं. दुकानासमोर गर्दी होती. नवी पाटी होती, एकट्या शामरावाच्या नावाची. आणि फळीवर बसून शामराव चार गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होता, "ह्याच मशीनवर भरल्या! बाबुराव दाराशी इलो, म्हणाला, शामराव, बाटल्या दे. मी म्हटलं, ने किती हव्या त्या! रात्रभर भरत होतो."

"हात दावा की," कुशाबा म्हणाला.

शामराव गर्रकन वळला. ओळखल्यावर त्याचा चेहरा उतरला. खाली उडी मारून त्यानं कुशाबाचा दंड धरला. डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "कुशाबा! कधी सुटलास रे? चल, आत चल. आत बसून बोलू."

"आत न्हाई. हितं बोल. पोलिसाला सांगितलंस त्येच हितं सांग. माझी बोटं फुटताना सांगितलंस, आता गिऱ्हाइकाला सांग."

गिऱ्हाईक थांबलं.  "लोक बघतायत रे," शामराव पुटपुटला. "आत चल ना."

कुशाबानं दंड सोडवला. फळीखालून भरलेल्या बाटल्यांचा खोका पायानं बाहेर ओढला. वाकड्या बोटांनी बाटली धरता येईना, म्हणून दोन्ही तळव्यांत धरली.

"ही तुझी," म्हणून एक फळीवर ठेवली. "ही माझी," म्हणून दुसरी फुटपाथच्या दगडावर आपटली. स्फोट झाला, माणसं मागं सरली. ही तुझी. ही माझी. दुसरा खोका, तिसरा खोका. काचा उडून त्याच्या पोटऱ्यांत शिरत होत्या. पायाखाली सोडा लाल व्हायला लागला. कुणीतरी त्याला धरायला पुढं आलं, तर त्यानं बाटली उगारली आणि तो माणूस जागीच थांबला. शामरावाची त्यानं एकही फोडली नाही.

शेवटी खोक्यात एकच उरली. कुशाबानं ती छातीशी धरली, मनगटाच्या हाडानं गोटी आत दाबली, अर्धी प्यायला आणि बाटली फळीवर शामरावासमोर ठेवली.

"शाम्या, भवानी."

सगळ्या रस्त्यानं ऐकलं. शामराव बाटलीकडे बघत होता. वर्षभर रोज सकाळी ज्या बाटलीला त्यानं तोंड लावलं, तीच ती. त्याचा हात हलला. पण हाताआधी त्याची मान हलली. आधी त्यानं डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

तेवढं कुशाबाला पुरलं. तो वळला आणि रक्ताचे पाय उमटवत भर गर्दीतून, रस्त्याच्या मधोमध, परळच्या दिशेनं चालू लागला.

"कुशाबा!" मागून शामराव ओरडला. त्याचा आवाज फुटला होता. रिकामी बाटली त्यानं उंच धरली होती, आतली गोटी खुळखुळत होती. "प्यायलो रे! सगळ्यांसमोर प्यायलो! अरे बघ तरी!"

कुशाबानं मागं बघितलं नाही.