गोजरबाईचा नवलकोल

गोजरबाई तशी बोलायला गोड, पण तिचा डूख म्हंजे डूख! आष्टीत आमची भिंतीला भिंत, म्हणून मला ठाव.

तिची थोरली जाऊ तुळजाबाई. तिच्या पोरीच्या लग्नात करंज्यांचा डबा दिसंना, तर ह्या बाईनं 'चोरटी' म्हणून वरडत मंठ्याच्या विहीणबाईंसमोर गोजरची ओटी उघडून पाह्यली. निघालं काहीच न्हाई. चार दिवसांनी डबा माळ्यावर सापडल्ता, पण तुळजाबाईनं तोंडातून चकार शब्द काढला न्हाई. विहिणीच्या लेखी गोजर चोरटी ती चोरटीच. "आसरे, हिला मी सोडणार न्हाई," गोजर मला म्हणाली. सात वर्सं ती गप राह्यली.

पंच्याण्णवच्या दिवाळीला तिचा भाऊ कचरू जालन्याहून नवलकोलाचं बी घेऊन आल्ता. आमच्याकडं कुणी ही भाजी पाह्यली नव्हती. गोजरनं फुटक्या घमेल्यात शेणखत-माती कालवून बी टाकलं. रोपं चार पानांवर आली तशी न्हाणीच्या पाटाकडंला एकेक वीत सोडून लावली. मावा पडला तर राख उधळली. मातीच्या वर हिरवे गड्डे धरले, पेरूएवढे झाले की कापायचे. काय गोड लागायचे म्हणता!

अन् गड्डे गायब व्हायला लागले. मागची भिंत कमरेएवढी, पलीकडं तुळजाबाई. मी म्हणलं, "जा, झिंज्या धर तिच्या!"

"थांब," गोजर म्हणाली.

तिनं एक गड्डा कापलाच न्हाई. त्याला पाणी बेतानंच दिलं. तो वाढत वाढत नारळाएवढा झाला, वरून देखणा, आतून निबर. संक्रांतीला तुळजाबाईकडं मंठ्याचे व्याही यायचे व्हते. आदल्या दिवशी गोजर भिंतीजवळ उभी राहून मला मोठ्यानं म्हणाली, "आसरे, हा मोठा बघ! शहरात बड्या लोकांच्या पंगतीला असलाच वाढत्यात."

सकाळी वाफ्यात नुसता बुडखा. मला हसू आवरंना.

दुपारी तुळजाबाईकडं पंगत बसली, आम्ही दोघी भिंतीआडून कान लावून. हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी. विहीणबाईंनी घास चावला, परत चावला, मंग ताटाकडंला चोथा काढून ठेवला. "तुळजाबाई, बाभळीचं लाकूड शिजवलं का काय?"

तुळजाबाईचं तोंड उतरलं. ती तिथूनच वरडली, "ह्या गोजरीच्या वाफ्यातलं हाय! मुद्दाम निबर ठेवलं मेलीनं!"

गोजर ह्याचीच वाट बघून राह्यली व्हती. पदर खोचून तुळजाबाईच्या दारात उभी राह्यली. मी मागं हायेच.

"माझ्या वाफ्यातलं? मंग तुमच्या पातेल्यात कसं आलं, जाऊबाई? मी तर दिलं न्हाई."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. तुळजाबाई पातेल्यावर झाकण घालाया लागली. चांगली जिरली! मला तर असं वाटलं की टाळ्या पिटाव्या.

"विहीणबाई," गोजर म्हणाली, "तुमच्यासमोर माझी ओटी झाडून घेतली व्हती. तो डबा कुठं सापडला, इचारा ह्यांना."

"कुठं सापडला?" विहीणबाईंनी इचारलं.

तुळजाबाई खाली मुंडी घालून बोलली, "माळ्यावर."

"मोठ्यानं," गोजर म्हणाली. "तवा तुम्ही मोठ्यानं बोलला व्हता."