माझ्या भावाची सकाळची गोळी

माझा धाकटा भाऊ रोज सकाळी सात वाजता जिभेखाली एक गोळी ठेवतो, ती विरघळेपर्यंत तोंड मिटून बसतो आणि मग कामाला जातो. हे मी कोणालाही सांगते. त्याला विचारूनच सांगते, कारण तोच म्हणाला की आजवर लपवून आपल्याला काय मिळालं. ऐकून कोणी नाक मुरडलं तर खुशाल मुरडू दे. त्या गोळीमागे काय काय आहे ते नाक मुरडणाऱ्याला माहीत नाही, मला माहीत आहे.

भाऊ फरशा बसवतो. कामावर सगळे त्याला ठोक्या म्हणतात, कारण बसवलेली प्रत्येक फरशी तो बोटाच्या पेराने ठोकून कान देऊन ऐकतो. खाली सिमेंटचा मसाला नीट भरलेला नसेल तर आवाज पोकळ येतो. मग बाकीचे डोक्याला हात लावून बसले तरी हा ती फरशी उचलतो आणि पुन्हा बसवतो. आमच्याकडे जेवायला आला तरी आधी स्वयंपाकघराची फरशी ठोकून बघणार. अरे, आधी जेव, ती कुठे पळून चालली नाही, असं मी त्याला किती वेळा सुनावलंय.

माझी लॉण्ड्री आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. पुढे काउंटर, मागे दोन मोठी यंत्रं, आणि वाफेच्या इस्त्रीवर आमचे हे. हे दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलतात, त्यातली दहा इस्त्रीशी. आमच्या धंद्यात कपडा पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा असतो. निघेल ते एका पाकिटात घालायचं, वर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा आणि धुतलेल्या कपड्यांबरोबर परत द्यायचं. विचारायचं नाही आणि बाहेर बोलायचं तर मुळीच नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून चिठ्ठ्या गेल्या, भलत्याच बाईचे फोटो गेले, एकदा एका सद्गृहस्थांची कवळीसुद्धा गेली. कोणाच्या घरात माझ्या तोंडामुळे आग लागली नाही. या गोष्टीचा मला कोण ताठा होता.

भावाचे कामाचे कपडे सिमेंटने भरलेले असत, घरच्या मशीनचा जीव घेणारे, म्हणून ते माझ्याकडे यायचे. त्याचा नंबर एक्केचाळीस.

चार वर्षांपूर्वी तो फरशांची पेटी घेऊन जिना उतरताना घसरला. कंबरेचं ऑपरेशन झालं. दुखणं इतकं की कूस बदलताना हा गडी लहान मुलासारखा रडायचा. डॉक्टरांनी अफूच्या जातीतली जोरदार वेदनाशामक गोळी दिली, सहा आठवड्यांपुरती. त्यात कोणाची चूक नव्हती, दुखत होतं आणि गोळीने थांबत होतं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी संपली, पण याची गोळी संपली नाही. साइटवरचा एक ओळखीचा त्याला ती आणून द्यायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

म्हणजे बाकीच्यांना उशिरा कळलं. मला आधीच कळायला हवं होतं. त्याच्या पँटच्या खिशातून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघायला लागल्या होत्या, सगळे कप्पे फोडलेल्या. आधी आठवड्याला एक, मग तीन, मग सहा. आणि मी काय केलं? त्या पाकिटात घातल्या, वर एक्केचाळीस लिहिलं आणि कपड्यांबरोबर परत दिल्या. तीन महिने. सख्ख्या भावाला गिऱ्हाइकासारखं वागवलं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, की बघा, आपण घरच्यांसाठीसुद्धा नियम मोडत नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका सकाळी आमच्या ह्यांनी इस्त्री बाजूला ठेवली, एक्केचाळीसचं पाकीट उचललं आणि माझ्यासमोर काउंटरवर उलटं केलं.

"हा गिऱ्हाईक आहे का?" एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी मी भावाला त्याच्या घरी गाठलं. आधी त्याने उडवाउडवी केली, मग आवाज चढवला, आणि मग जमिनीवर बसून रडला. म्हणाला, आता कंबर दुखते म्हणून घेत नाही, नाही घेतली तर अंगाचं भिरभिरं होतं म्हणून घेतो. त्याची बायको दारात उभी होती.

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. मी लॉण्ड्रीवाली. डाग कितीही जुना असला तरी भिजवायचा, घासायचा, खळखळून काढायचा, की झाला कपडा मोकळा. मी त्याला दुकानाच्या वरच्या खोलीत आणून ठेवलं आणि जाहीर केलं की आठ दिवसांत याला स्वच्छ करते. डॉक्टर नको, चार लोकांत बोभाटा नको. ते आठ दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. घाम, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, पाय आपोआप झाडले जात होते, डोळ्याला डोळा नाही. मी रोज चार चादरी धूत होते आणि वरून त्याला दम भरत होते. नवव्या दिवशी तो शांत झाला, दाढी केली, पोटभर जेवला. मी त्याच्या बायकोला म्हटलं, घे तुझा नवरा. आईला फोन करून सांगितलं, झालं सगळं. मी तेव्हा अशी फुशारले होते की विचारू नका.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला, हात धुऊन येतो म्हणून वर गेला. वरून नळ वाहत राहिल्याचा आवाज यायला लागला. पाण्याची नासाडी मला खपत नाही, मी बडबडत जिना चढले. तो मोरीत पडला होता. ओठ निळे पडलेले, श्वास मध्येच घोरल्यासारखा, मध्येच नाहीच. मी किंचाळले. आमचे हे धावत वर आले, अँब्युलन्सला फोन लावला, आणि पलीकडची बाई सांगत होती तसं भावाच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरत राहिले. मी नुसती त्याचे पाय धरून बसले होते. अँब्युलन्समधून आलेल्या मुलीने त्याच्या नाकपुडीत त्या गोळ्यांचा असर उतरवणारा एक फवारा मारला. दोन मिनिटं गेली, दुसरा मारला. आणि माझा भाऊ ठसका लागून उठला, आणि मी मोठ्याने रडले.

इस्पितळात एक डॉक्टरीणबाई भेटली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावलं. महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन याच्या शरीराला मोठ्या डोसची सवय झाली होती. आठ दिवस गोळीविना ठेवल्यावर ती सवय गेली, पण ओढ होती तिथेच राहिली. त्याने पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या आणि त्या आता त्याच्या श्वासाला झेपल्या नाहीत. असं अचानक बंद करून घरी पाठवलेल्या माणसांना हाच धोका सगळ्यात जास्त असतो, असं ती म्हणाली. म्हणजे मी त्याला धुऊन स्वच्छ केलं नव्हतं, मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. हे तिने म्हटलं नाही, मी म्हणते.

मग तिने भावाला उपचार सांगितले. मला नाही, त्याला. एक, ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी, रोज जिभेखाली ठेवायची. दुसरं, तिच्या व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन तिथल्या नर्ससमोर रोज प्यायचं पातळ औषध. काहींना महिन्याचं इंजेक्शन चालतं. यातलं काहीही घेतलं तरी सोबत समुपदेशन, अशाच माणसांनी जमून बोलायचा गट आणि कंबरेसाठी व्यायाम हवाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, म्हणजे एक गोळी सोडून दुसरी धरायची, यात सुटलं काय? डॉक्टरीणबाई चिडली नाही. म्हणाली, जुनी गोळी याला दर काही तासांनी वर न्यायची आणि खाली आपटायची, याचा सगळा दिवस ती शोधण्यात जायचा. ही नवी एका पातळीवर धरून ठेवते, ओढ थांबते, अंग तुटत नाही, नशा चढत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. साखरेच्या आजाराचं औषध घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो का, असं तिने विचारलं. मला पटलं नव्हतं. पण मोरीतले निळे ओठ डोळ्यासमोर होते, म्हणून मी गप्प बसले.

भावाने गोळी निवडली. ती लगेचही देता येत नाही, जुनं औषध अंगातून उतरायला लागल्यावरच द्यायची असते, नाहीतर त्रास दुप्पट होतो. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला की कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याने गोळीचा विचार न करता माझी भाची, म्हणजे त्याची लेक, शाळेतून आल्याचं ऐकलं. मी आत जाऊन यंत्र लावलं.

तेव्हापासून दोन वर्षं झाली. सरळ रेषेत गेली असं कोणी समजू नका. चौथ्या महिन्यात कंबर भरून आली आणि त्याने त्या ओळखीच्याकडून जुन्या गोळ्या घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी कोणी खनपटीला न बसता तो स्वतः केंद्रावर गेला आणि डॉक्टरीणबाईला तोंडावर सांगून मोकळा झाला. तिने त्याला हाकललं नाही, डोस बदलला, व्यायाम वाढवला. त्याने त्या माणसाचा नंबर फोनमधून काढला आणि ती साइटही सोडली. गुरुवारचा गट त्याने तेव्हापासून एकदाही चुकवलेला नाही. तो फवारा आता माझ्या काउंटरच्या खणात असतो आणि तो कसा मारायचा हे आमच्या ह्यांनाही येतं, मलाही.

आणि काम म्हणाल तर विचारू नका. गेल्या वर्षी त्याने एका शाळेच्या वाचनालयाची फरशी बसवली. कपाटं येणार होती त्या कोपऱ्यात अकरा फरशा त्याला पोकळ वाटल्या. मुकादम म्हणाला, वर कपाट येणार, कोण बघतंय. हा म्हणाला, मी ऐकलंय ना, आणि अकराच्या अकरा उचलल्या. मुकादमाने पुढच्या तिन्ही कामांना दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. हे मला मुकादमाने सांगितलं, काउंटरवर कोट द्यायला आला तेव्हा. मी दिवसभर दिसेल त्याला ते सांगत सुटले.

फक्त आईला ती गोळी पटत नव्हती. ऐंशीची आहे, भावाकडेच राहते. तो आला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: सुटली का ती गोळी? तो मान हलवायचा आणि हात धुवायला जायचा. गेल्या महिन्यात तिने मला गळ घातली. माझे डोळे मिटायच्या आत याची गोळी सुटलेली बघू दे, तू डॉक्टरकडे जाशील तेव्हा शब्द टाक. मी हो म्हणून बसले.

केंद्रावर मी त्याच्या शेजारी बसले होते. डॉक्टरीणबाईने कागद बघितले आणि त्याला विचारलं की हळूहळू कमी करायला सुरुवात करायची आहे का, की असंच चालू ठेवायचं, दोन्ही बरोबर आहे. माझ्या जिभेवर आईचे शब्द आले होते. पण आठ दिवसांची घाई एकदा मी करून बसले होते, आणि ती मी नाही, त्याने भोगली होती. मी ओठ घट्ट मिटले.

"आता नको," भाऊ म्हणाला. "भीती वाटते म्हणून नाही. चांगलं चाललंय म्हणून."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्याला घाई नाही आणि मलाही नाही. भावाने माझ्याकडे असं बघितलं की मला पदराने नाक पुसावं लागलं.

तिथून मी थेट आईकडे गेले. तिने विचारलंच, काय म्हणाली डॉक्टर. मी तिच्याजवळ बसले आणि आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं: मोरी, निळे ओठ, ह्यांनी भरलेले श्वास. आईला तोवर एवढंच माहीत होतं की त्याला चक्कर आली होती. मी म्हटलं, आई, तो जिवंत आहे, लेकीला शाळेत सोडतो, त्याच्या हातची फरशी लोक मागून घेतात. तो ही गोळी कधी सोडेल ते त्याचा तो ठरवेल, तू विचारायला दुसरं काहीतरी शोध. आईने भाजीचं ताट पुढ्यात ओढलं आणि निवडायला लागली. मला वाटलं रागावली.

संध्याकाळी भाऊ घरी आला. सवयीने उंबऱ्यातच थांबला, आईचं ते वाक्य ऐकून घेऊन मगच आत यावं तसा. आईने मान वर केली.

"आज कुठली फरशी बसवलीस रे?"

त्याला आधी कळलंच नाही. मग तो तिच्या पायाशी बसला आणि सांगायला लागला. भाची अभ्यास सोडून आली, भावजय गॅस बारीक करून दारात उभी राहिली. दोन वर्षांत आईने त्याला हे पहिल्यांदा विचारलं होतं, आणि तो पाऊण तास सांगत होता.